आत्याबाईच्या आंबाड्यावरचा होल

गोल्फची नावाजलेली मैदानं पुष्कळ आहेत. कुठे समुद्र आडवा येतो, कुठे वारा. या मैदानावर आडवी येते ती आत्याबाई. आत्याबाई म्हणजे शेवटच्या होलाची हिरवळ. कधी कुणावर रुसेल याचा नेम नाही, म्हणून हे नाव. मधोमध उंचवटा, त्याला सगळे आंबाडा म्हणतात, आणि दोन्ही अंगांना उतार असा, की एका पाहुण्याचा चेंडू तिथून घरंगळत निघाला तो कॅन्टीनच्या पायऱ्या उतरून सुपाच्या पातेल्यात पडला. पाहुण्याने आधी सूप संपवलं, मग पातेल्यातूनच पुढचा टोला मारला. पातेल्याला पोचा अजून आहे.

या आत्याबाईची वेणीफणी करणारी ती हिरवळबाई. गवत कापायचं, पाणी द्यायचं, आणि एकाच जागी सारखं तुडवलं जाऊ नये म्हणून रोज सकाळी जुना होल बुजवून दुसरीकडे नवा कापायचा. कपाच्या अंतिम सामन्याला तर जागा तिनेच ठरवायची, कमिटीने त्यात नाक खुपसायचं नाही, हा इथला रिवाज. हा मान ती दागिन्यासारखा जपे.

यंदा नेमका तिचा नवराच अंतिम सामन्यात पोचला.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. आयुष्य गिऱ्हाइकाच्या डावीकडे उभं राहून कानामागे काड्या बसवण्यात गेलं, त्यामुळे होल डावीकडे असला की त्याचा चेंडू दोरीने ओढल्यासारखा आत जाई, आणि उजवीकडे असला की हातपाय गळत. समोर होता दातांचा डॉक्टर. तो जन्मभर रोग्याच्या उजवीकडे उभा, म्हणून त्याचं सगळं उलटं. होल डावीकडे कापला तर चष्मेवाला जिंकणार आणि उजवीकडे कापला तर डॉक्टर, हे शेंबडं पोरही सांगत होतं.

आदल्या दिवशी क्लबचे सेक्रेटरी घसा खाकरत आले.

"बाई, तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे."

"मग खाकरताय कशाला?"

"एक जरी तक्रार आली, तर पुढच्या वर्षीपासून जागा कमिटी ठरवेल. डॉक्टरांच्या बाजूचे लोक टपून बसलेत, म्हणून आपलं सांगितलं."

घरी वेगळीच तऱ्हा. नवरा जेवता जेवता म्हणाला, "अगं, डावीकडचं गवत यंदा छान आलंय म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"लोक."

"अहो, लोकांना म्हणावं गुमान जेवा."

नणंद हसू दाबत पाणी प्यायली. कॅन्टीन तीच चालवत असे. "वहिनी, डावीकडे कापलास तर गाव बोलेल. उजवीकडे कापलास तर दादा वर्षभर बोलणार नाही. मी असते तर उजवीकडेच कापला असता. वर्षभराची शांतता कुणाला मिळते?"

उजाडताच हिरवळबाई बादली घेऊन आत्याबाईवर गेली. इथे थोडं पाणी ओत, तिथे थोडं ओत, असं करत आंबाड्यावर आली. तिथे ओतलेलं पाणी क्षणभर थबकलं आणि निम्मं डावीकडे, निम्मं उजवीकडे गेलं. तिने गोल पात्याचं यंत्र तिथेच दाबलं, होल कापला, झेंडा रोवला. आजवर आंबाड्यावर होल कापायची कुणाची छाती झाली नव्हती. आता कोण काय बोलतो बघू, म्हणत ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली नाही. अंतिम सामना म्हणून तिने गवत इतकं बारीक कापलं होतं, की त्यावरून मुंगीसुद्धा जपून चालत होती. न्याय अगदी चोख झाला, पण चेंडू थांबणार कुठे?

दोघं बरोबरीत शेवटच्या होलाला आले. नवऱ्याचा चेंडू आंबाड्यावर चढला, होलाला वळसा घालून उजवीकडे उतरला. डॉक्टरांचा डावीकडे. दोघंही आपापल्या वाईट बाजूला अडकले. मग जे सुरू झालं ते संपेचना. चेंडू वर जाई, होलात डोकावे आणि मारणाऱ्याच्या बुटाशी परत येई. माणसं आधी उभी होती, मग बसली, मग आडवी झाली. नणंदेचा चहा संपला, दूध संपलं, शेवटी ती नुसतं गरम पाणी विकू लागली आणि तेही खपलं.

सेक्रेटरी घाम पुसत आले. "बाई, होल हलवा."

"चालू खेळात?"

"दिवस मावळेपर्यंत निकाल नाही लागला तर सामना रद्द, आणि तुमचा मानही गेला समजा."

हिरवळबाई म्हणाली, "मान जायचा तर जाऊ दे. होल हलणार नाही."

एव्हाना दोघे वैरी एकमेकांची कीव करू लागले होते. डॉक्टर म्हणाले, "चष्मेवाले, बघवत नाही हो. त्या बाजूने मारताना मनगट सैल सोडा. दाढ उपटतोय समजा. ओढायची नाही, हलवायची."

"आणि तुम्ही होलाकडे टक लावू नका. जवळचं बघा, चेंडूपुढचं गवताचं एक पातं. वाचायचा चष्मा लावल्यासारखं."

डॉक्टरांनी पातं बघून मारला. चेंडू होलाच्या काठावर बसला, विचार केला, आणि परत आला. मग नवऱ्याने मनगट सैल सोडलं. चेंडू असा सावकाश वर गेला, की मधल्या वेळात बघणाऱ्यांतल्या दोघांनी पैज लावून मोडलीसुद्धा. काठावर पोचला आणि टुप करून आत पडला.

लोकांनी चष्मेवाल्याला उचललं. हिरवळबाईने मात्र नजर हटवली नाही ती डॉक्टरांवरून. तक्रार आली असती तर तिथूनच.

डॉक्टर तिच्यासमोर आले, चेंडू ढकलायचा पटर काठीसारखा टेकवून उभे राहिले. सेक्रेटरी कान टवकारून मागे.

"वहिनी, तुम्ही नवऱ्याची बाजू घेतलीत, हे ओरडायची तयारी करून आलो होतो सकाळी."

"आणि आता?"

"आता विनंती आहे. पुढच्या वर्षीही जागा तुम्हीच ठरवा, पण नवऱ्याची थोडी बाजू घेत जा. माणसाचे इतके हाल बरे नाहीत."

सेक्रेटरी न खाकरता निघून गेले. हिरवळबाईने तेव्हा कुठे आत्याबाईकडे पाहिलं. दिवसभराच्या बुटांनी तिची पार रया गेली होती. लोकांच्या खांद्यावरून नवरा कप उंचावून हात हलवत होता.

"अहो, उतरा खाली," ती म्हणाली. "कप असू द्या गवतात. डॉक्टर, तुम्ही ती बाजू घ्या, हे इकडची घेतील. अंधार पडायच्या आत एकूण एक ठसा बुजला पाहिजे."

आणि दोघे गुडघे टेकून कामाला लागले.