मला भंगारात द्या

मित्रांनो, मी एक जुना, काळवंडलेला बेकरीचा ट्रे आहे. माझ्या चारही कडा आत दुमडलेल्या आहेत. त्या दुमडीत बोट जात नाही, एवढे नीट लक्षात ठेवा.

माझे मालक आजोबा. त्यांच्या बेकरीत माझ्यावर पीठ भुरभुरवून आयुष्यभर पाव भाजले गेले. "हा ट्रे म्हणजे माझा उजवा हात," असे ते गिऱ्हाइकांना सांगत आणि मी फुशारून जाई. बेकरी बंद झाली तेव्हा बाकीचे ट्रे विकले गेले. मला मात्र ते लेकीच्या घरी घेऊन आले.

लेकीची मुलगी चिमी दुसरीत आहे. खाल्लेले तिच्या अंगी लागेना, पोट सारखे दुखे. डॉक्टरांनी सांगितले, "गहू बंद. कणभरसुद्धा पोटात जाता कामा नये." मग शाळेत जाताना खायचे काय? आईने दुकाने पालथी घातली. ग्लुटेन-फ्री, म्हणजे गव्हाचा अंश नसलेला ग्रॅनोला, भाजलेल्या ओट्सचा कुरकुरीत खाऊ, मिळे, पण स्वस्तातला भुशासारखा लागे आणि चवीचे पाकीट इतके महाग की त्याला हात लावायची सोय नव्हती. चिमी वाटी पुढे ढकलून उपाशीच निघून जाई.

शेवटी आईने कंबर कसली. गव्हापासून वेगळे राखलेले ओट्स आणले, त्यात मध आणि सूर्यफुलाच्या बिया घातल्या, मला ओव्हनमध्ये सरकवले. काय घमघमाट सुटला! चिमीने वाटी चाटूनपुसून संपवली. "आई, रोज हेच दे!" आई हसता हसता रडली.

संध्याकाळी चिमी पोट धरून कळवळत होती.

आईने ओट्स बदलले, मध बदलला, बिया बदलल्या. दर वेळी तेच. "आई, तू केलेलंच मला का गं बाधतं?" चिमीने विचारले. आई मला घासत बसली. मग म्हणाली, "बाबा, ट्रेमुळे तर नसेल ना?"

आजोबा दुखावले. "अगं, आरशासारखा लख्ख आहे तो. माझ्या ट्रेवर संशय घेतेस?"

तिने विषय सोडला.

मित्रांनो, माझ्या दुमडीत पीठ आहे! गव्हाचे, वर्षानुवर्षांचे. घासणी तिथे पोचत नाही आणि मला हलवले की ते झडते. हे मला ठाऊक आहे, पण मला तोंड नाही. ओव्हनच्या आचेत मी जीव खाऊन कडकड वाजलो. आजोबा कौतुकाने म्हणाले, "बघ, अजून कसा खणखणीत आहे!"

आम्हाला जपा, असे सांगणाऱ्या जुन्या वस्तू तुम्हाला पुष्कळ भेटतील. माझे मागणे उलटे आहे. मला भंगारात द्या, ठोकून सपाट करा, कुंडीखाली ठेवा. पण त्या ओव्हनमध्ये नको. आजोबांना वाईट वाटेल. वाटू द्या.

आज पुन्हा नवे ओट्स आले आहेत. आईने मला पुसून कोरडे केले, मिश्रण पसरले. ओव्हन तापला आहे. चिमी वाटी-चमचा घेऊन बसली आहे. "आता नाही ना गं दुखणार?" ती विचारते आहे.

तुम्हाला तोंड आहे. लवकर सांगा.