भाडेकरूची पसंती

भाड्याने द्यायला घर कुठे घ्यावं, या विचाराने घड्याळजींचं डोकं भणभणलं होतं. तीन वस्त्या पालथ्या घातल्यावर बायको म्हणाली, "अहो, वस्ती काय बघता? भाडेकरू बघा!"

म्हणून ते चौथ्या वस्तीत, भाडेकरूसकट विकायला काढलेलं एक घर बघायला गेले. तिथल्या भाडेकरू बाईंनी त्यांनाच खुर्चीत बसवून वही उघडली.

"नळ गळला तर कधी याल?"

"त्याच दिवशी," घड्याळजी घाम पुसत म्हणाले.

"आधी घर घ्यायला आलेले तिघे नापास झाले. जरा चालून दाखवा, गुडघे बघते. इथे चार जिने आहेत."

घड्याळजी निमूटपणे खिडकीपर्यंत चालून आले.

"चालेल," बाई म्हणाल्या.

घड्याळजींना आनंदाचं भरतंच आलं. आतल्या खोल्या न बघताच त्यांनी घर पक्कं केलं आणि बायकोला फोन लावला, "अगं, मी पास झालो!"