आबांच्या हयातीत

तामलवाडीच्या फाट्यावर इंद्रजित एसटीतून उतरला तेव्हा त्याच्या डोक्यावर एक केस नव्हता आणि नाकाखाली मिशीही नव्हती. डोक्यावर पांढरी टोपी होती, तीही ऊन लागू नये म्हणून शूटिंगवाल्यांनी दिलेली.

झालं होतं असं, की बेंबळीला एका जुन्या गोदामाचं नाटकाचं थिएटर करून सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. नव्वद वर्षांपूर्वी एक शेतकऱ्याचं पोर नाटक कंपनीत जातं आणि बायकांची कामं करून नाव काढतं, अशी गोष्ट. ते पोर म्हणजे इंद्रजित. कंपनीत आल्या आल्या न्हावी त्याची मिशी उतरवतो, हा प्रसंग दिग्दर्शकाला खराखुरा हवा होता. बायकी केसांचा टोप नीट बसावा म्हणून डोकंही त्याच दमात. वस्तरा फिरला, टाळ्या पडल्या.

हल्लीची पोरं मिशी ठेवतात, काढतात, कोण विचारतो! पण डोकं आणि मिशी एकदम उतरली की आमच्याकडं त्याचा अर्थ एकच: बाप गेला. इंद्रजितला हे ठाऊक होतं. त्याचे वडील, उत्तरेश्वर आबा, सोलापूरच्या दवाखान्यात होते. सोमवारी त्यांच्या छातीत स्प्रिंग बसवली, आता धोका नाही असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा कुठं तो शूटिंगला गेला होता. आज चार वाजता मामा त्यांना घरी आणणार होते. पोराला सिनेमात काम मिळालंय एवढंच आबांना माहीत. ते काम बाईचं आहे आणि त्यापायी पोरानं बाप जिवंत असताना मिशी दिलीय, हे अजून सांगायचं होतं. आबा "पुरे झाली थेरं" म्हणाले तर उरलेलं वीस दिवसांचं शूटिंग बोंबललं. आणि त्यांच्या काळजाला धक्का बसला तर? या धास्तीत गाव काय समजेल, हे बिचाऱ्याच्या डोक्यात शिरलंच नाही.

फाट्यावरचा हॉटेलवाला शिवपुत्र त्याला बघून लगबगीनं बाहेर आला. त्याचा हात हातात घेऊन म्हणाला, "धीर धर गड्या."

मोठं काम आहे, टेन्शन येणारच, हे यालाही कळतंय म्हणायचं, असं इंद्रजितला वाटलं. "धरलाय की," तो म्हणाला.

गल्लीत माणसं उठून उभी राहिली. एरवी त्याला बघताच "काय हीरो" म्हणून ओरडणारी टोळी आज मान खाली घालून मागं मागं चालायला लागली. शेवटी गावाला आपली किंमत कळली, म्हणून इंद्रजितचा ऊर भरून आला. माणूस एकदा हवेत गेला की त्याला काहीही खरं वाटतं.

घरी पोचतो तोच शेजारच्या शांताक्का पिठलं-भाकरी घेऊन आल्या. तो सकाळपासून उपाशी होता. ओसरीवर बसून त्यानं दोन भाकरी चेपल्या आणि तिसरी मागितली. शांताक्कांना हुंदका आवरेना.

"खा बाळा," त्या म्हणाल्या. "पोटाला तर घालावंच लागतंय."

तोवर अंगण माणसांनी भरलं. म्हातारे महालिंगप्पा काठी टेकत जवळ आले. "गाडी किती वाजता येतीय?"

"चारला. आई आन् मामा संगं हायत."

महालिंगप्पांनी मागं वळून दोघा गड्यांना सांगितलं, "चारला. लाकडाचं बघा."

घास इंद्रजितच्या हातातच राहिला. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकरी आणतात, हे त्याला आत्ता आठवलं. त्याचा हात टोपीवर गेला. "अवो न्हाय, आबा..." एवढं बोलतो तोच गल्लीच्या तोंडाशी जीपचा हॉर्न वाजला आणि बायांनी गळा काढला.

जीप दारात थांबली. मामाचा हात झिडकारून आबा आपल्या पायांनी खाली उतरले. अंगणातली गर्दी बघून त्यांचा चेहरा उतरला.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

रडणं जागच्या जागी थांबलं. शांताक्कांच्या तोंडून निघून गेलं, "तुम्हीच की भावजी!"

आधी शिवपुत्र फिसकन हसला, मग सगळं अंगणच हसायला लागलं. महालिंगप्पा लाकडाला गेलेल्या गड्यांना हाका मारत काठीसकट पळाले. शांताक्कांनी आबांच्या दंडाला दोनदा हात लावून खात्री करून घेतली. इंद्रजितला तर आबांना नुसतं उभं बघूनच रडू आलं. त्या क्षणी सिनेमा गेला तरी चालला असता.

मग आईची, धुरपदाबाईंची, नजर त्याच्यावर पडली. "आरं मुडद्या! बाप जित्ता हाय आन् हे काय केलंस?"

हसणं विरलं. इंद्रजितनं टोपी काढली आणि आबांसमोर उभा राहिला.

"आबा, सिनेमातलं काम बाईचं हाय. त्याच्यासाठी काढली. तुम्हाला इचारलं न्हाय. तुम्ही नगं म्हणला तर उद्या जात न्हाय."

आबा ओसरीवरच्या बाजेवर टेकले. त्याला जवळ बसवून त्यांनी त्याच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला, मग ओठावरच्या मोकळ्या जागेवरून अंगठा फिरवला.

"दवाखान्यात पडल्या पडल्या एकच इचार यायचा," ते म्हणाले. "म्या गेल्यावर हे पोरगं कसं दिसंल, कसं निभावंल. ते बघायला कुठला बाप ऱ्हात न्हाय. म्या बघितलं." मग ते शांताक्कांकडं वळले. "खाल्लं का त्यानं?"

"दोन भाकरी खाल्ल्या. तिसरी मागत हुता."

"मग निभावंल," आबा म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांनी छाती भरून श्वास घेतला. "उद्या कितीची गाडी हाय तुझी?"

"स... सकाळी सातची."

"चुकवू नगं." त्यांनी शांताक्कांची भाकरीची परात जवळ ओढली. "आन् आक्का, ते पिठलं हिकडं आण. माझ्या नावानं केलंय न्हवं? मग मलाच नगं व्हय?"