दिवा लागतो, बाण हलत नाही

"वहिनी, दिवा तर लागतोय," टेबलाखालून भावजींचा आवाज आला. "म्हणजे माउसपर्यंत करंट पोचतोय. पण पडद्यावरचा बाण काही हलत नाही."

"मग काय उजेड पडला?" मी म्हटलं.

भावजी म्हणजे यांचे ऑफिसातले जुने मित्र. दोघांनी मिळून एका छापखान्याची कॉम्प्युटरची खोली सांभाळली, भांडत भांडत. आज सलग दुसरी दुपार ते आमच्याकडे गुडघे टेकून बसले होते आणि हे चाकांच्या खुर्चीतून त्यांच्याकडे बघत होते. स्नायूंच्या आजारानं यांचे आधी पाय नेले, मग बोटं, मग आवाज. डोकं मात्र लख्ख. उजवं मनगट तेवढं जेमतेम इकडून तिकडे सरकायचं. तेही फार दिवस राहणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं.

पडद्यावर अक्षरांचा एक तक्ता आणता येतो. बाण एखाद्या अक्षरावर थोडा थांबला की ते अक्षर उमटतं. मनगट आहे तोवर मला यांचं बोलणं हवं होतं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

पण आमच्या घरात माउस कधी आलाच नव्हता; हा भावजींनी आणलेला. यांचं मशीन युनिक्सच्या घराण्यातलं, त्यावरची सिस्टीम एकेक भाग निवडून स्वतःच्या हातानं बांधलेली. सगळे हुकूम टाइप करून द्यायचे. माउस म्हणजे बोट दाखवून जेवण मागणं, असं यांचं मत. "तोंड आहे ना? मग बोला की!" म्हणायचे. आता तोंडही गेलं आणि बोटही.

"माझा लॅपटॉप आणू का रे?" भावजींनी विचारलं. यांनी डोळे घट्ट मिटले. डोळे मिटले की नाही, वर केले की हो. एवढीच भाषा उरली होती. जीव जाईल पण हट्ट जाणार नाही, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी ते गिळलं.

"वायर खराब आहे?" डोळे मिटले. "सेटिंग चुकलंय?" मिटले. भावजी चिडले. "अरे, मग काय आहे? तुला माहीत आहे ना?"

डोळे वर गेले आणि वरच राहिले. कडांना पाणी आलं. मशीनचा रोग काय आहे ते खोलीत एकट्या यांनाच ठाऊक होतं आणि सांगता येत नव्हतं. मला ते बघवेना. मी दूध तापत ठेवायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले.

तिथे भिंतीवर घंटेच्या जागी दोन भोकं आहेत. दार हातानं वाजवता येतं म्हणून यांनी घंटा काढली होती. कोणी बसत नाही म्हणून मावशीची आरामखुर्ची भंगारात घातली आणि दुसऱ्याच दिवशी माझी पाठ धरली. लागत नाही ते ठेवायचं नाही, हा यांचा कायदा. दूध बारीक गॅसवर तसंच सोडून मी परत आले.

"अहो, तुम्ही सिस्टीममधून माउसचा भाग काढूनच टाकलाय का?"

डोळे वर गेले.

भावजींनी कपाळावर हात मारला. "सिस्टीम बांधतानाच वगळलाय! काखेत कळसा आणि मी गावभर हिंडतोय. थांब, तो भाग घालून पुन्हा बांधतो."

जुनं मशीन. पडद्यावर ओळी सरकत राहिल्या. अखेर मशीन बंद होऊन चालू झालं, तक्ता आला. मी यांचा हात उचलून माउसवर ठेवला. मनगट हललं आणि बाणही हलला.

भावजींनी तोंड फिरवून चष्मा पुसला. मी पडद्याकडे बघत होते. इतक्या महिन्यांनी माणूस पहिलं काय बोलणार? माझं नाव असेल, असं वाटलं. खोटं कशाला बोलू? बाण चालला, थांबला, चुकला, परत फिरला. द उमटला, त्याला उकार लागला, मग ध.

"दूध!" मी ओरडले आणि धावले. भांडं करपून काळं झालं होतं. मागून भावजी हसत होते. मी ओट्याशी उभी राहून हसले आणि मग पोटभर रडले.

त्यानंतर आम्ही बरंच बोललो. एकदा मी चिडवलं, "माउसला नावं ठेवत होता ना?" तेव्हा यांनी बराच वेळ खपून लिहिलं, "लागेल असं वाटलं नव्हतं." शेवटी शेवटी लिहिलं, "माझं सामान ठेवू नकोस." पुढे काहीतरी लिहायचं होतं. बाण जागेवरून हलेना. मी यांचं मनगट धरून इकडेतिकडे नेलं, पण कुठे जायचंय ते मला कसं कळणार?

हे गेल्यावर मी यांचं म्हणणं ऐकलं. कपडे दिले, चपला दिल्या, चाकांची खुर्ची दवाखान्याला दिली. भावजी मशीन न्यायला आले.

"वहिनी, हे उगाच चालू ठेवलंय तुम्ही."

"असू दे."

त्यांनी मशीन तिथेच राहू दिलं. चहा घेऊन गेले.

हात लागला नाही की त्या माउसचा दिवा हळूहळू मंद होतो. जाता-येता मी त्याला जरासं हलवते. तो पुन्हा लाल होतो आणि मी माझ्या कामाला लागते.