नवरदेवाची अंडी

मी विष्णू नावाची कासवी बोलतेय. दचकलात ना? आमच्या बनारसमध्ये दचकायची पद्धत नाही. इथे सगळं खपतं, म्हणून तर माझं हे असं झालं.

जन्म गंगेपलीकडच्या रेतीतला. पुरीएवढी असताना एका मल्लाहाच्या जाळ्यात अडकले. बालाजी घाटावर राहणाऱ्या शिवरामशास्त्रींनी मला सोडवलं आणि तांब्यातून घरी नेलं. "साक्षात कूर्मावतार!" म्हणाले, आणि हौदात सोडताना नाव ठेवलं विष्णू. नर की मादी, कुणी पाहिलं नाही. देवाची कुणी तपासणी करतं का?

मग दर कार्तिकात माझं लग्न लागू लागलं. तुळशीच्या लग्नात लोक शाळिग्राम नाहीतर बाळकृष्ण उभा करतात, पण शास्त्रींच्या घरी नवरदेव जिवंत! माझ्या पाठीवर मुंडावळ्या बांधायच्या, मध्ये अंतरपाट धरायचा, गल्लीतली सगळी मराठी घरं अक्षता घेऊन हजर. अशी अकरा लग्नं झाली माझी, तीही एकाच नवरीशी. त्यामुळे शास्त्रींचा मान काय वाढला होता म्हणून सांगू!

दोन वर्षांपूर्वी सरकारी माणसं आली. कासव घरात ठेवणं गुन्हा आहे म्हणाली आणि मला शहराबाहेरच्या कासव प्रजनन केंद्रात घेऊन गेली. माझ्या टाकीवर संगमरवरी पाटी बसली: 'विष्णू, नर. देणगीदार: शिवरामशास्त्री.' सिमेंटच्या त्या टाकीत दोन माद्या सोडल्या आणि सगळं केंद्र आमच्याकडे टक लावून बसलं. आम्ही तिघी एकमेकींकडे बघत बसलो. करणार काय, कपाळ?

वर्ष गेलं, पिल्लू नाही. मग समिती बसली. माझं रक्त तपासलं, तर पुरुषी संप्रेरक जवळजवळ शून्य. मालविका म्हणून एक संशोधक मुलगी आहे इथे, पुण्याहून नोकरीला आलेली. ती म्हणाली, "सर, ये मादा है. पूँछ देखिए, कितनी छोटी है. सोनोग्राफी में अंडे दिख रहे हैं."

केंद्राचे साहेब म्हणाले, "मशीन पुरानी है, मैडम. पत्थर पर नर लिखा है."

समितीने एकमताने ठरवलं: नर कमजोर आहे. दर आठवड्याला एक इंजेक्शन, पुरुषी संप्रेरकाचं.

अहो, पोटात अंडी आणि मांडीत ही सुई! अंडी घालायला आम्हाला मऊ रेती लागते. ती नसली तर अंडी आतच अडकून बसतात आणि कासवी जगत नाही. मी टाकीभर फिरफिर फिरले, सिमेंट खरवडून नखं झिजली. साहेबांनी नोंद केली, 'नरात उत्साह दिसू लागला आहे.'

एकदा शास्त्री मला बघायला आले, तेव्हा मालविकाने त्यांना टाकीपाशीच गाठलं. "काका, तुम्ही सांगितलंत तर साहेब ऐकतील. ही मादी आहे. हिला रेती नाही मिळाली तर मरेल हो ही."

शास्त्रींचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं बाई, मादी? मग मी लावलेली अकरा लग्नं? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!" आणि तोंड फिरवून निघून गेले. इतकी वर्षं ज्यांच्या हातून खाल्लं त्यांचा इतका राग आला मला, इतका राग आला, काय सांगू.

कार्तिक आला. साहेबांना हौस, यंदा तुळशीचं लग्न केंद्रातच, पत्रकार बोलावून! सजावटीचं काम मालविकाने मागून घेतलं आणि वृंदावनाभोवती दोन गाड्या रेती टाकून घेतली. हुशार पोरगी!

मला मुंडावळ्या बांधून पाटावर ठेवलं. लग्न लावायला मुद्दाम बोलावलेल्या शास्त्रींनी मंगलाष्टकं सुरू केली. पण समोर रेतीचा वास, मला कुठला धीर धरवतोय? अंतरपाटाखालून सुटले, नवरीच्या पायाशी खड्डा केला आणि भरल्या मांडवात चौदा अंडी घातली.

शास्त्रींचं 'सावधान' घशातच राहिलं. मग म्हातारा ढसाढसा रडायला लागला. "पोरी, चुकलो गं मी. दरवर्षी मुंडावळ्या बांधल्या, एकदा तुझ्याकडे नीट पाहिलं नाही." सगळ्यांसमोर हात जोडून साहेबांना म्हणाले, "साहब, ये मादा है. गलती हमारी है. पत्थर बदलवा दीजिए." माझा राग तिथेच विरघळला.

साहेब मात्र आनंदाने नाचायचे बाकी होते. दुसऱ्या दिवशी अहवाल गेला: 'इंजेक्शनांच्या प्रभावाने नराने अंडी दिली. जगातला पहिला यशस्वी प्रयोग.' माझा डोस दुप्पट झाला.

अंडी उबवणीच्या यंत्रात ठेवलीत, बाहेर पहारा बसलाय. त्यातून काही निघणार नाही. मालविकाला माहीत आहे, मलाही. जन्मात नर बघितलाय कुठे मी? शास्त्री रोज अर्ज घेऊन साहेबांच्या दारात बसतात. लोक हसतात, तरी येतात.

तुमची कुणाची वर ओळख असेल, तर माझं एवढं सांगा. मला मानपान नको, प्रसिद्धी नको. पुढच्या वेळी माझ्या अंड्यांना बाप असू दे. आणि जरा लवकर सांगा, कारण साहेब माझ्यासाठी आणखी तीन नवऱ्या आणायला चंबळला गेलेत.