घरच्या मुशीतली गोळी

"साचा आधी तापू दे, रोझेला. थंड साच्यातली गोळी माझ्या गालासारखी सुरकुतते. तसल्या निघाल्या तर परत मुशीत टाकायच्या आणि त्यांचं वाईट वाटून घ्यायचं नाही."

माझे सासरे अँटन झुपान यांचे हे शब्द; मी त्यांना पपाच म्हणते. फ्रँक, म्हणजे माझे यजमान, गेले आणि घरात आम्ही दोघंच उरलो, त्या हिवाळ्यात त्यांनी मला परसातल्या खोपटात पहिल्यांदा येऊ दिलं. पिस्तुलाच्या गोळ्या ओतायला ते शिसं वितळवायचे आणि मी दाराशी स्टुलावर विणकाम घेऊन बसायची. मळी काढायला ते वितळल्या शिशात मेणाचा तुकडा टाकत, त्याचा वास यायचा. कधी मी मनातल्या मनात रोझरी म्हणत असले, तर माझे ओठ हलताना बघून ते तेवढा वेळ गप्प राहत. देवळात ते नाताळाला आणि ईस्टरला जातात. पण माझ्या प्रार्थनेच्या मध्ये ते कधी बोलले नाहीत.

त्यांच्याकडे पंचेचाळीस कॅलिबरचं जुनं पिस्तूल आहे. एक गोळी सुटली की पुढचं काडतूस आपणच वर ओढून घेणारं.

"रिव्हॉल्व्हर म्हणजे गरीब सून," पपा म्हणायचे, "वाढाल ते खाते. हे मात्र माझ्या सासूसारखं. घासाचा आकार जरा वेगळा दिसला की तोंड मिटून बसतं."

म्हणून गोळीचं नाक गोल हवं. शिशात थोडं कथील हवं, नाहीतर ती मऊ राहते. आणि नळीच्या मापापेक्षा गोळी केसभर जाड हवी. बारीक राहिली, तर बाजूनं आग निसटते आणि नळीला आतून शिशाचा थर बसतो. मग पपा रविवारची दुपार तो थर खरवडण्यात घालवत आणि सासूच्या नावानं बोटं मोडत.

यंदा वसंतात दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांचं रक्त तपासलं आणि चष्मा काढून ठेवला. रक्तात शिसं फार झालं होतं. खोपट बंद.

आमच्या मोंटानातल्या या खाणीच्या गावात नेमबाजांचा एक क्लब आहे. दर सप्टेंबरात तिथे लोखंडी ताटल्या पाडायची स्पर्धा होते. तिचा नियम एकच: गोळी आपल्या घरच्या मुशीतली हवी. दुकानातली चालत नाही, शेजाऱ्यानं दिलेलीही नाही. फ्रँक पाळण्यात होता तेव्हापासून पपांनी एकही सप्टेंबर चुकवलेला नाही. आता त्यांना एक्याऐंशीवं लागलंय.

"यंदा तू ताटल्या उभ्या करायला बस," शेजारचे डेल हॅगर्टी येऊन म्हणाले. "वाकायचा व्यायाम होईल."

एरवी पपांनी त्यांना चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी ते नुसतं "बरं" म्हणाले. डेलसुद्धा चपापले. त्या आठवड्यात पपांनी पिस्तुलाला तेल दिलं, ते फडक्यात गुंडाळलं आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं. जेवायला बसत ते, पण ताटात काटा नुसता फिरत राहायचा. माझ्या रोजच्या प्रार्थनेत फ्रँकच्या नावामागे आता पपांचंही नाव आलं.

जुलैत मी त्यांचे कामाचे सदरे धुवायला काढले. खिसे उलटे केले तर सूर्यफुलाच्या खारवलेल्या बिया सांडल्या. त्यात नवल काही नाही, पपांच्या खिशात त्या असतातच. पण खिशाचं अस्तर चुलीच्या पाठीसारखं काळंकरडं झालं होतं. ओला अंगठा घासला, तर अंगठाही करडा.

शिसंच ते. पपांचं खोपटातलं काम डोळ्यांपुढे आलं. साचा ठोकायचा, गोळ्या टॉवेलवर पाडायच्या, बोटांनी निवडायच्या आणि तीच बोटं खिशात घालून बी तोंडात. सबंध दुपारभर.

मी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "धुरापेक्षा हातातोंडानंच जास्त जातं. बिया बंद करा. खोपटात मात्र आकडा उतरेपर्यंत पाऊल नको. मग हातमोजे घालून, हात धुऊन, बघू."

"उतरायला किती लागेल?"

"महिने."

मी सदरा घेऊन ओसरीवर गेले. डेल तिथेच होते.

"पपा, हे बघा."

त्यांनी खिसा बघितला. "चाळीस वर्षं खातोय मी बिया!"

"म्हणूनच तर."

"अरे देवा," डेल हसून खुर्चीतून घसरायला आले. "आम्ही मीठ लावून खातो, हा शिसं लावून खातो!"

"तू तोंड बंद ठेव, डेल." चार महिन्यांनी पपांचा आवाज चढला. ऐकून मला इतकं बरं वाटलं! मग महिन्यांचा हिशेब त्यांच्या ध्यानात आला आणि ते पुन्हा खुर्चीत मागे टेकले. "म्हणजे सप्टेंबर गेलाच. पुढच्या वर्षी मी कुठे असेन, कुणी सांगावं."

"नियम काय आहे, पपा? घरच्या मुशीतली. तुमच्याच हातची असं कुठे म्हटलंय? गोळ्या मी ओतते, नेम तुम्ही धरा."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"तू?" पपा म्हणाले. "घरात कोळी निघाला तर कागदावर घेऊन बाहेर सोडतेस तू."

"ताटल्या लोखंडाच्या आहेत. त्यांना दुखत नाही."

डेलनी डोकं खाजवलं. "सून घरचीच की. क्लबात कोण काही बोललं तर मी बघतो."

पपांनी हातातला सदरा बाजूला ठेवला. मग त्यांनी अंगावरच्या सदऱ्यातल्या बिया काढल्या आणि सगळ्या डेलच्या ओंजळीत ओतल्या.

"मला नकोत तुझ्या शिसाळ बिया!" डेल ओरडले.

"मग फेक." पपा माझ्याकडे वळले. "बारीक भरलेली एकही गोळी डब्यात जायची नाही. मन घट्ट करून वितळवायची. आणि कंटाळा आला तर मला सांगायचं, खोटं रेटायचं नाही. कबूल?"

"कबूल, पपा."

शनिवारी सकाळी नेमाप्रमाणे रोझरी म्हटली. शेवटची क्रूसाची खूण करून उठले तेव्हा पपा स्वयंपाकघराच्या खिडकीशी कॉफीचा कप घेऊन उभे होते, वर्तमानपत्र उलटं धरून. फ्रँकचा लांब बाह्यांचा सदरा चढवला, केस रुमालात घट्ट बांधले, हातमोजे घेतले आणि परसातून खोपटाकडे निघाले.