थरथरती रेघ

गुडघ्याने दगा दिला आणि बाईंचं नाचणं सुटलं. आधी त्यांनी आकाशपाताळ एक केलं, डॉक्टरांचं डोकं खाल्लं. मग एका दुपारी कात्री घेऊन नाचाचे सगळे पोशाख फाडले, त्या चिंध्या एका फळीवर डकवल्या, वर तार, जळका कागद आणि रंग चढवला. ते त्यांचं पहिलं चित्र. पुढे गॅरेजच्या माडीवर त्यांचा वर्ग सुरू झाला. चांगली घोडी झालेली माणसं तिथे हात बरबटून घ्यायला यायची.

एका सकाळी एक मुलगी वडिलांना जवळजवळ ओढतच घेऊन आली. म्हाताऱ्याने जन्मभर घड्याळं दुरुस्त केली होती. आता त्याचे हात कापायचे.

"चहाचा कप धरवत नाही मला, आणि ही म्हणते चित्र काढा!"

"बाबा, बसा तरी. नाही आवडलं तर उद्या येऊ नका." एवढं बोलून मुलगी सटकली.

त्याने कोळशाची कांडी उचलली. रेघ भरकटली. कागदाचा बोळा करून त्याने तो भिरकावला.

"हा हात माझा नाहीच!"

आपल्या गुडघ्याविषयी बाई अगदी हेच म्हणाल्या होत्या. समजूत काढायच्या भानगडीत न पडता त्यांनी त्याचं मनगट आपल्या तळव्यावर घेतलं, आणि त्या दचकल्याच. त्या कापण्याला लय होती. ती चढत होती, उतरत होती, पुन्हा जागेवर येत होती. तालाच्या मागे उभा जन्म काढलेल्या बाईंच्या अंगावर काटा आला.

"काका, हात थांबवू नका. तो जातोय तसा जाऊ द्या."

त्यांनी जमिनीवर लांबलचक कागद अंथरला, त्यावर खळ फासून पातळ कागदाचे तुकडे चिकटवले. म्हाताऱ्याने शाईत कुंचला बुडवून कागदावर टेकवला. बाई ताठ पाय पसरून बसल्या आणि कुंचल्याखालून कागद हळूहळू ओढू लागल्या. ओल्या कागदावर रेघ उमटत गेली. वाऱ्याने पाणी शहारावं तशी, सबंध जिवंत. बाईंनी कडेला तशीच एक रेघ ओढून पाहिली. ती मेल्यासारखी पडून राहिली.

वर्गातली माणसं आपापलं काम टाकून भोवती जमली.

"हे मी केलं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"मग काय मी?" बाई म्हणाल्या.

मुलगी न्यायला आली ती दारातच थबकली. "बाबा..."

"चपला बाहेर काढ," म्हातारा खेकसला, "आणि कडेकडेने ये. अजून ओलं आहे."